उरलेल्या पानांचा हिशेब

ऑनलाइन पोकरमध्ये टेबलावर उघडणाऱ्या चौथ्या पानाला ‘टर्न’ म्हणतात. समजा, तेव्हा पॉटमध्ये १०० डॉलर होते. आपण ६० लावले, प्रतिस्पर्ध्याने ते १८० वर नेले. आता आणखी १२० भरायचे, ३४० साठी. म्हणजे ४६० मधले १२०. निदान २६ टक्के वेळा जिंकायला हवे. हातात दोन, टेबलावर दोन अशी बदामाची चार पाने असली, तर न दिसलेल्या ४६ पानांत बदामाची ९ उरतात. पाचवे येण्याची शक्यता जेमतेम २० टक्के. ते आल्यावर प्रतिस्पर्धी आणखी पैसे देईल असे वाटत नसेल, तर डाव सोडावा. आधीचे ६० आता आपले नाहीतच. १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा यांनी अर्धवट राहिलेल्या डावाची वाटणी पत्रांतून सोडवली, तीही झालेला खेळ नव्हे, उरलेल्या शक्यता मोजून.