पाण्यातली पकड



‘पाण्यात माणसाला धरणारा कोण?’ असा प्रश्न शाळेतल्या मुलांना विचारून पाहा. एक म्हणेल मगर, दुसरा म्हणेल शार्क, आणि मागच्या बाकावरचा एखादा हळूच म्हणेल भूत. भुताचे आपण सोडून देऊ. मगरीविषयी कृष्णाकाठच्या सांगलीकरांनी बोलावे, त्यांना तिचा शेजार आहे. मी टिटवाळ्याचा, काळू नदीच्या काठचा माणूस. मी आज शार्कपासून सुरुवात करणार आहे, आणि मग अशा एका हल्लेखोराकडे वळणार आहे की ज्याचे नाव मुलांच्या उत्तरात कधीच येत नाही.

शार्क म्हणजे कुठल्या तरी परदेशी समुद्रातला राक्षस, असा आपला समज असतो. पण बाजारात मुशी किंवा मोरी म्हणून जी मासळी विकली जाते ती याच कुळातली. तिखट-मीठ लावून आपण ती आवडीने खातो. हिशेबच मांडला तर माणसांनी खाल्लेल्या शार्क आणि शार्कने धरलेली माणसे यांत तुलनाच होणार नाही. तरीही फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या शेजारच्या पालघर जिल्ह्यात, मनोरजवळ, वैतरणेच्या पाण्यात मासेमारीला उतरलेल्या एका तरुणाच्या पायाचा शार्कने लचका तोडला. मनोर काही समुद्रकिनाऱ्यावर नाही. मग समुद्रातला प्राणी नदीत आला कसा?

ती जात होती बुल शार्क. बहुतेक शार्क गोड्या पाण्यात तग धरू शकत नाहीत. या जातीला मात्र अंगातले क्षार पाण्याप्रमाणे कमी-जास्त राखण्याची शक्ती आहे, म्हणून भरतीबरोबर ती खाडीत शिरते आणि नदीतही वर जाते. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा सरोवरात ती सापडते. १९३७ साली अमेरिकेच्या मिसिसिपी नदीत, समुद्रापासून दीड हजार किलोमीटरांहून अधिक आत, आल्टन या गावी ती पकडली गेली होती. भूगोल शिकवणाऱ्या गुरुजींनी नकाशावर हे अंतर मुलांना जरूर दाखवावे.

आता प्रत्यक्ष गाठ पडली तर काय करावे? शार्कला डोळ्यांपेक्षा पाण्यातल्या थरथरीवरून पुष्कळ कळते. शिवाय तिच्या नाकाडावर बारीक छिद्रे असतात; जिवंत शरीरातून निघणारी सूक्ष्म वीज तिला त्यांतून जाणवते. गढूळ पाणी, तिन्हीसांजेची वेळ, जाळ्यात तडफडणारे मासे आणि त्यांचे रक्त, हे सारे जुळून आले की माणसाचा पाय आणि मासा यांत तिची गल्लत होऊ शकते. म्हणून पहिली गोष्ट अशी, की हातपाय झाडून पाणी खळबळवू नये. नजर तिच्यावर ठेवावी, पाठ खडकाकडे किंवा होडीकडे करावी, आणि सावकाश मागे मागे काठाकडे सरावे. तिने धरलेच, तर मेल्याचे सोंग घेऊन उपयोग नाही. तिचे डोळे आणि डोक्यामागच्या कल्ल्यांच्या फटी फार नाजूक असतात. तिथे बोटे खुपसावीत, काठी असेल तर काठीने टोचावे.

बुक्का मारू नये असे नाही, पण पाण्यातला बुक्का दुबळा असतो. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट आहे. हात पुढे जाईपर्यंत त्याचा जोर निम्मा पाण्यातच जिरतो. टोचणे, खुपसणे आणि घट्ट धरणे या गोष्टी मात्र पाण्यातही तितक्याच साधतात. हे ध्यानात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे. आणि शार्कच्या तावडीतून सुटलेला माणूस जातो तो बहुधा रक्तस्रावाने. काठावर घेताच जखमेवर कापड दाबून धरावे. रक्त थांबेना तर जखमेच्या वर मांडीला किंवा दंडाला रुंद पट्टी करकचून आवळावी, आणि किती वाजता बांधली ते डॉक्टरांना सांगावे.

औषधावर मात्र भरवसा नको. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या आरमाराने तांब्याचा क्षार आणि काळा रंग यांची एक वडी काढली होती. पाण्यात सोडली की शार्क पळते, अशी तिची ख्याती. बिचाऱ्या खलाशांना तिने धीर दिला खरा, पण पुढच्या चाचण्यांत ती भरवशाची ठरली नाही.

आपल्या किनाऱ्यावर शार्कपेक्षा पाकटाची गाठ पडण्याचा संभव अधिक. २०१३ साली गणेशविसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर पाकटांनी कितीतरी भाविकांच्या पायांना डंख केले. पाकट वाळूत दडून बसते आणि पाय पडला की शेपटीचा काटा मारते. तिथे पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूवरून घासत चालावे, म्हणजे ते आधीच निघून जाते. डंख झालाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय तासभर बुडवून ठेवावा. त्या विषाचा जोर उष्णतेने ओसरतो. आणि मग दवाखाना गाठावा, कारण काट्याचा तुकडा आत राहिलेला असू शकतो.

आता आकडे पाहू. फ्लोरिडातील एका संग्रहालयात जगभरच्या शार्कच्या हल्ल्यांची नोंद ठेवतात. माणसाने डिवचले नसताना झालेले असे हल्ले २०२४ साली साऱ्या जगात ४७, आणि त्यांत मृत्यू ४. याउलट आपल्या एकट्या देशात २०२२ साली बुडून मेलेल्यांची सरकारी नोंद ३८ हजारांच्या वर आहे. या बुडणाऱ्यांत एक प्रकार असा असतो की बातमी वाचून मन विषण्ण होते: एक बुडत होता, दुसरा वाचवायला गेला, दोघेही गेले. कधी भाऊ-भाऊ, कधी बाप-लेक, कधी सहलीला आलेले मित्र. त्या दुसऱ्याला कोणी मारले? ज्याला तो वाचवायला गेला, त्याच्याच हातांनी.

बुडत्याला काडीचा आधार, असे आपण म्हणतो. पण त्या काडीचे पुढे काय होते, हे कोणी सांगत नाही!

यात बुडणाऱ्याचा दोष नाही. न्यूयॉर्कमधल्या फ्रँक पिया नावाच्या जीवरक्षकाने बुडणाऱ्या माणसांचे बारकाईने निरीक्षण करून १९७४ साली आपले निष्कर्ष मांडले. बुडणारा ओरडत नाही, कारण श्वासच पुरत नाही तर आवाज कुठून निघणार? तो हात हलवून बोलावत नाही. दोन्ही हात बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतो, शिडी चढावी तसा. हे २० ते ६० सेकंद चालते, आणि मग तो खाली जातो. त्या वेळी तो विचार करत नसतो. हाताला जे लागेल त्यावर चढायचे, एवढेच त्याच्या शरीराला कळते. लागलेली वस्तू म्हणजे तुमचे डोके.

विज्ञानाच्या गुरुजींसाठी थोडा हिशेब सांगतो. छातीत पूर्ण हवा भरलेला माणूस गोड्या पाण्यावर जेमतेम तरंगतो; फार तर दोन-तीन किलो वजन उचलण्याइतकी उचल त्याच्यापाशी शिल्लक असते. माणसाचे नुसते डोके चार-पाच किलोंचे. बुडणाऱ्याने डोके आणि दोन्ही हात पाण्याबाहेर काढून तुमच्या खांद्यावर भार टाकला की तुमची शिल्लक संपते आणि तुम्ही खाली जाता. तुम्ही पट्टीचे पोहणारे असा, नाहीतर पैलवान असा, आर्किमिडीज कोणाची भीड धरत नाही. समुद्राचे पाणी थोडे जड, तिथे उचल थोडी जास्त मिळते. नदीत आणि विहिरीत तेवढीही नाही.

मग मिठी पडली तर सुटायचे कसे? आपले मन सांगते वर चला. पण वर जाल तर तो अधिकच आवळेल, कारण त्यालाही वरच जायचे आहे. सुटका खाली आहे. मिठी पडते आहे असे दिसताच एक श्वास घ्यावा, हनुवटी छातीशी टेकवून मान एका बाजूला वळवावी म्हणजे गळा दाबला जात नाही, आणि सरळ बुडी मारावी. बुडणाऱ्याला पाण्याखाली काहीच नको असते. तुम्ही खाली गेलात की त्याची पकड बहुधा आपोआप सुटते. न सुटली तर त्याच्या कोपरांना खालून धरून वर रेटावे आणि त्या फटीतून खाली निसटावे. मागून मिठी असली तरी रीत तीच. मनगट धरले असेल तर त्याच्या अंगठ्याच्या दिशेने हिसका द्यावा. चार बोटांची बाजू भक्कम, अंगठ्याची कच्ची. सुटल्यावर त्याच्याजवळ वर येऊ नये. पाण्याखालूनच दोन-तीन हात दूर जाऊन मग डोके काढावे.

कोणी दुष्टाव्याने पाण्यात धरले, किंवा पोहताना मुले गंमत म्हणून एकमेकांची डोकी दाबतात (ही गंमत गुरुजींनी अजिबात चालू देऊ नये), तरी हाच मार्ग. दाबणाऱ्याचा सारा जोर तुम्हाला वर येऊ न देण्यात असतो, तुम्ही खाली आणि बाजूला जाल हे त्याच्या ध्यानी नसते. आणि पाण्याखाली श्वास त्यालाही हवाच आहे. पाण्यात मारामारी जिंकायची नसते, सोडवणूक करून घ्यायची असते.

हे सारे शाळेच्या मैदानात कोरड्या जमिनीवर शिकवता येते. दोन मुले समोरासमोर उभी करून हनुवटी टेकवणे, कोपर रेटणे, खाली बसून निसटणे, असे दहा-वीस वेळा करवून घ्यावे. पाण्यातला सराव मात्र जाणत्या पोहणाऱ्यासमोर आणि कमरेइतक्या पाण्यातच. लंडनमध्ये १८९१ साली जीवरक्षणाची संस्था निघाली, तिनेही अशा सोडवणुकी शिकवल्या. श्वास कोंडण्याची शर्यत मात्र लावू नये. भराभर श्वास घेऊन बुडी मारली की श्वासाची निकड मेंदूला उशिरा कळते, आणि मूल पाण्याखालीच बेशुद्ध पडते.

पण खरे सांगायचे तर, ही सोडवणूक म्हणजे चूक झाल्यावरचा इलाज आहे. पाण्यात उतरलाच नाहीत तर मिठी पडणार कुठून? आमच्या भागात रेती उपसून नदीत डोह पडलेले असतात. गुडघाभर पाण्यातून पुढचे पाऊल पुरुषभर पाण्यात पडते. काठावर आडवे व्हावे, मागच्याने आपले पाय धरावेत, आणि बांबू, काठी, फांदी पुढे करावी. नऊवारी लुगडे आठ मीटरांहून लांब भरते, त्याच्यासारखा दोर ऐन वेळी दुसरा मिळायचा नाही. लाजेकाजेचा विचार नंतर करावा. उतरणे भागच पडले तर हातात काहीतरी तरंगते घेऊन उतरावे, बुडणाऱ्यापासून वावभर अंतरावर थांबावे आणि ती वस्तू त्याच्याकडे सरकवावी. तो अंगावर येऊ लागला तर मागे सरून पाय मध्ये घालावा.

वर काढलेल्याला उलटे टांगून गरगर फिरवू नये, पोटही दाबू नये. पोटातले पाणी काढण्यात मोलाची मिनिटे जातात. त्याला हवा हवी असते. उताणे निजवावे आणि १०८ ला फोन करवावा. श्वास नसेल तर नाक दाबून, तोंडाला तोंड लावून श्वास द्यावा. मग छातीच्या मधोमध ३० वेळा जोराने दाब आणि २ श्वास, असा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा.

ज्या गावाला नदी, तलाव किंवा विहीर आहे तिथल्या शाळेने एवढे करावे. पाच लिटरचा तेलाचा रिकामा प्लास्टिकचा डबा घ्यावा. त्यात तळाशी तांब्याभर पाणी घालून झाकण घट्ट लावावे, म्हणजे फेकताना तो वाऱ्यावर भरकटत नाही. मुठीला पंधरा मीटर दोर बांधावा आणि पाण्याजवळच्या झाडाला तो टांगून ठेवावा. फेकताना डबा बुडणाऱ्याच्या डोक्यापलीकडे टाकायचा आणि दोर ओढत त्याच्या हाताशी आणायचा. दर शनिवारी मुलांकडून दोन-दोनदा फेकवून घ्यावा, आणि पावसाळ्याच्या तोंडी दोर कुजला नाही ना, हे पाहावे.