नाताळचे ताट आणि लोणावळ्याची चिक्की

दिवाळी अंकासाठी नाताळच्या खाऊवर लिहायला बसले आहे असे कळताच आमचे हे चष्म्यावरून पाहत म्हणाले, "अजून चकल्यांची भाजणी दळून आली नाही, नि तुला नाताळ कुठला सुचतोय?" मी म्हटले, "फराळाचे डबे रिकामे होतात न होतात तोच सुटीचे बेत सुरू होतात. लोणावळ्याच्या बंगल्याची चौकशी परवा तुम्हीच करीत होता की!" त्यावर त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरले.

खरे सांगायचे तर आपल्या पांढरपेशा मराठी घरांत नाताळ हा सण नसला तरी सुटी म्हणून फार लाडका आहे. नावसुद्धा आपण पोर्तुगिजांकडून जसेच्या तसे उचलले. हवा गार असते, मुलांच्या शाळा बंद असतात, आणि सुटी म्हटली की खाऊ आलाच. मुंबईकर प्लम केक आणतात. पुणेकर कॅम्पातल्या कयानी बेकरीपुढे श्रूजबरी बिस्किटांसाठी उभे राहतात. ही बेकरी १९५५ सालची. पण ह्या दोन शहरांच्या मध्ये, घाटमाथ्यावर, दोघांच्याही समाईक मालकीचा एक खाऊ आहे आणि तो पिशवीत पडल्याखेरीज सुटी संपल्यासारखी वाटत नाही. ती म्हणजे चिक्की. आमच्या घरी तर तिला नाताळचे एक कामच नेमून दिलेले होते.

माझे लहानपण दादरच्या चाळीत गेले. खालच्या मजल्यावर वसईकडचे एक ख्रिस्ती कुटुंब राहत असे. त्या घरच्या बाईंना आम्ही मुले मावशी म्हणत असू. वसई-साष्टीकडचे हे मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती. त्यांच्यांतले पुष्कळजण स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवतात, आणि १८८७ साली त्या नावाची त्यांची संस्थाही मुंबईत निघाली. दिवाळीत आईचे फराळाचे ताट खाली जाई, नाताळच्या सकाळी मावशींचे ताट वर येई. क्रोशाचा रुमाल दूर केला की पहिली कोण दिसावी? करंजी! मावशी तिला नेवरी म्हणत. शेजारी कुलकुल असत. कणकेचा इवलासा गोळा फणीच्या किंवा काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायचा, की शिंपल्यासारखा आकार येतो. मग तळून साखरेत घोळवायचा. आई त्यांना शंकरपाळ्यांचे मावसभाऊ म्हणे. रवा, खोबरे नि बदाम घालून भाजलेली वडी असे, आणि कडेला केकचे चार काप. केकमध्ये अंडे आहे का हे आजी कधी विचारीत नसे, आणि आम्हीही तिला कधी सांगितले नाही. गोव्याकडे नि मंगळुराकडे नाताळच्या ह्या सगळ्या फराळाला कुस्वार म्हणतात.

आता प्रश्न ताटाचा. शेजारणीचे ताट रिकामे परत धाडायचे नाही हा आईचा दंडक. दिवाळीचे काही द्यावे तर ते महिन्यापूर्वीच जाऊन आलेले. आमची आत्या मावळात, तळेगाव दाभाड्याला असे, आणि नाताळच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्याकडे जात असू. परतताना गाडी लोणावळ्याला थांबली की वडील फलाटावर उतरून चिक्कीची पुडकी घेत. एक घरात, एक कचेरीत, आणि एक मावशींच्या ताटात. एक जानेवारीच्या सकाळी ताट खाली गेले म्हणजे आमचा नाताळ पुरा होई.

एका वर्षी गाडीला फार गर्दी होती. वडिलांना उतरता आले नाही. खिडकीशी आलेल्या एका फेरीवाल्याकडून त्यांनी घाईघाईने तीन पुडकी घेतली. घरी येऊन आईने एक फोडले, तुकडा मोडायला गेली, तर तो मोडेचना, वाकला! दाणे खवट. आईने वडिलांकडे नुसते पाहिले.

"अगं, चालेल की. चिक्कीच तर आहे," वडील म्हणाले.

"तुमच्या कचेरीत चालेल," आई म्हणाली. "त्या बाईने चार रात्री जागून ताट भरलंय. त्यात मी हे घालू?"

रात्रीचे नऊ वाजले होते. आत्याने नव्या गुळाची लहानशी ढेप बांधून दिली होती. कोपऱ्यावरच्या वाण्याची फळी अर्धी लागली होती. मी धावत जाऊन शेंगदाणे आणले. आईने दाणे मंद आचेवर भाजले, चोळून पाखडले नि त्यांच्या पाकळ्या केल्या. गूळ चमचाभर तुपावर वितळवला. मग वाटीत गार पाणी घेऊन पाकाचा थेंब त्यात सोडू लागली. पहिला थेंब पसरला. दुसऱ्याची मऊ गोळी झाली. लाडवाला हा पाक पुरतो, चिक्कीला नाही. बऱ्याच वेळाने एक थेंब असा पडला की बोटाने उचलून वाटीवर आपटला तर टण् वाजला. तेवढ्यात सोड्याची चिमूट, दाणे, चार वेढे, की भांडे पालथे तूप लावलेल्या पाटावर. लाटणे फिरवून सुरीच्या रेघा गरमागरम असतानाच ओढायच्या. दोन मिनिटे उशीर झाला तर सुरी मोडेल, चिक्की नव्हे. पहिला घाणा आईच्या मते एक चटका जास्त झाला होता. तो आम्ही खाल्ला. दुसरा ताटात गेला.

मी पुढे शास्त्र शिकले तेव्हा त्या 'टण्'चा उलगडा झाला. पाक दीडशे अंश सेल्सिअसच्या जवळ गेला म्हणजे त्यात पाणी जवळजवळ उरत नाही. असा पाक झटकन थंड झाला, तर साखरेला कण धरायला फुरसत मिळत नाही. ती काचेसारखी थिजते. काचेसारखी म्हणजे अलंकारिक अर्थाने नव्हे; पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने चांगली चिक्की ही काचच. मावळाला हे शोभूनही दिसते. लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून उभा राहिलेला पैसाफंडाचा काच कारखाना १९०८ साली सुरू झाला तो तळेगावातच!

ह्या काचेचा वैरी म्हणजे दमट हवा. गूळ हवेतले पाणी ओढून घेतो, नि चिक्की चिकटते, वाकते. गंमत पाहा, लोणावळ्याला वर्षाकाठी सुमारे चार हजार मिलिमीटर पाऊस; पुण्याला सातशेच्या आसपास. म्हणजे चिक्कीने आपले माहेर निवडले ते पुणे जिल्ह्यातल्या अतिओल्या गावांपैकी एक! हौशी मंडळी धबधबे पाहायला जुलैत जातात, हवाबंद पिशवी फोडून ठेवतात, आणि दोन दिवसांनी दुकानदाराच्या नावाने बोटे मोडतात. नाताळात तसे नाही. हवा कोरडी, खरिपाचा नवा भुईमूग बाजारात आलेला, उसाचे गाळप सुरू होऊन नवा गूळ उतरलेला. संक्रांतीच्या तिळाचीही चाहूल लागलेली. चिक्की खावी ती ह्या दिवसांत, हे माझे मत मी कुणाच्याही पंक्तीला सांगेन.

मग ती लोणावळ्याचीच का झाली? उत्तर आगगाडीत आहे. पुणे-खंडाळा लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला, पण घाटाचा तुकडा व्हायला १८६३ साल उजाडले. तोवर खंडाळ्यापासून पायथ्यापर्यंत उतारूंना पालखी, तट्टू असल्या वाहनांनी घाट उतरावा लागे. घाटाच्या कामावर एका वेळी चाळीस हजारांच्या वर माणसे राबली, आणि पटकीने हजारोंनी मेली. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली हिंदुस्थानात येऊन थोड्याच दिवसांत वारला, तेव्हा ठेका त्याच्या विधवेने, ॲलिसबाईने, पुढे चालवला; हे आपल्या भगिनींनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढे लोणावळ्यात रेल्वेची वसाहत वाढली. घाट चढणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडायची नि ती लोणावळ्याला सोडायची, हा परिपाठ पडला. गाडी थांबली की उतारू उतरणार, आणि उतारूला भूक असतेच.

लोणावळ्यात हकीकत सांगतात ती अशी, की तिथल्या एका अगरवाल घराण्याने गूळ, दाणे नि तूप ह्यांची 'गुडदाणी' रेल्वेवरच्या कामकऱ्यांना विकायला सुरुवात केली. मगनलाल हे त्याच घराण्यातले, आणि त्यांचे नाव आज चिक्कीला चिकटले आहे ते पाकाहूनही घट्ट. कष्टकऱ्याच्या कनवटीचा गूळदाणा अशा रीतीने खोक्यात जाऊन बसला आणि साहेबाघरची भेट झाला.

भुईमूग मात्र आपला नव्हे बरे का! तो दक्षिण अमेरिकेचा, आणि बहुधा नाताळ हा शब्द ज्यांनी आणला त्या पोर्तुगिजांच्याच गलबतांतून इकडे आला. तिकडे युरोपात चिक्कीच्या बहिणी खास नाताळच्याच आहेत. स्पेनमध्ये बदाम नि मधाचा 'तुरोन' नसेल तर नाताळचे जेवण पुरे होत नाही. इटलीत त्यालाच 'तोरोने' म्हणतात. फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतात नाताळच्या रात्री तेरा गोड पदार्थ मांडतात, त्यांत 'काळा नुगा' असतो. मध कडक आटवायचा, त्यात बदाम घालायचे, थापायचे. म्हणजे बदामाची चिक्कीच की! तेव्हा मावशींच्या ताटात आई चिक्की घालीत होती ती नकळत अगदी रिवाजाला धरूनच.

लोणावळ्याचा दुसरा खाऊ म्हणजे कूपर ह्या पारशी दुकानाचे अक्रोड घातलेले चॉकलेट फज. फज ही अमेरिकेतल्या महाविद्यालयीन मुलींची करामत; १८८८ साली व्हासार कॉलेजातल्या एका विद्यार्थिनीने ते तीस पौंड केल्याची नोंद आहे. त्यात पाक मऊ गोळीवरच उतरवायचा आणि निवल्यावर घोटायचा, म्हणजे साखरेचे अतिबारीक कण धरून ते जिभेवर विरघळते. चिक्कीच्या नेमके उलट. आमची सून फजची, मी चिक्कीची. घरात शांतता राहावी म्हणून दोन्ही घेतो.

घेताना काय पाहावे? एकाच नावाच्या पाट्या बाजारात दहा दिसतील, त्यामुळे पाटीवर जाऊ नये. चवीला तुकडा मागावा, देतात. तो कट् करून मोडला पाहिजे, दाताला चिकटता कामा नये. दाणा हुंगावा; खवटपणा नाकाला आधी कळतो. पुडक्यावरची तारीख वाचावी. काजूची चिक्की आरशासारखी चकाकते ती बहुधा साखर नि द्रवरूप ग्लुकोजमुळे. त्याने पाकाला कण धरत नाही, पण गुळाची ती किंचित खारट, खमंग चव जाते. घरी आल्यावर घट्ट झाकणाचा डबा, आणि मुलांचे ओले हात दूर.

द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा झाल्यापासून मुंबई-पुण्याची मोटार लोणावळ्यात न शिरताही जाऊ शकते. तरी आम्ही वाट वाकडी करून आत वळतो. चाळ पाडली गेली, मावशी वारल्या, आईही गेली. मावशींची लेक वसईला असते. पंचवीस डिसेंबरला तिचा मुलगा लोकलने ठाण्याला येऊन आमच्याकडे ताट देऊन जातो. गेल्या नाताळात त्यात नेवऱ्या होत्या, कुलकुल होते, आणि केकवर चिठ्ठी होती: "बिनअंड्याचा. आजीसाठी." आजी आता मीच! आम्ही लोणावळ्याला गेलो तो नेमका पाऊस पडला, अवेळी, डिसेंबरात. दुकानातला तुकडा मोडून पाहिला तर जरासा वाकला. मी घेतला नाही. घरी येऊन स्वतः करायला बसले, तर पहिला घाणा करपला आणि दुसऱ्याला माझे मनगट साथ देईना. सून म्हणाली, "आई, फज घालू या ना ताटात." मी हट्टाला पेटले, नि ताट तसेच राहिले.

ते अजून आमच्याकडे आहे. पितळेचे, काठावर मावशींच्या घरच्या नावाची अक्षरे कोरलेले. फडताळात वरच्या खणात ठेवले आहे. आत्ताच सुनेला हाक मारून सांगितले, की ह्या वेळी पाक तिने धरायचा, नि वाटीतला थेंब मी पाहायचा.