दीड इंचावरचे पाणी

रिसोडच्या एका नव्या वसाहतीत, स्नानगृहाच्या भिंतीवर आरसा आणि टॉवेल अडकविण्याची दांडी बसविण्यासाठी आलेल्या एका मध्यमवयीन कारागिराने भोक पाडण्याच्या यंत्राची पेटी उघडण्यापूर्वी कितीतरी वेळ केवळ त्या भिंतीचे निरीक्षण केले, हे पाहून माझे कुतूहल जागृत झाले, आणि त्याच्या अनुमतीने पुढे मी त्याच्यासमवेत आणखीही काही घरी गेलो. एका मिनिटात सहस्रावधी फेरे घेणारे यंत्र जवळ असताना ते न चालविता स्वस्थ उभे राहण्यास जो संयम लागतो, तोच मला या कामाचा गाभा वाटला. "दीड इंच, काकाजी," तो म्हणाला, "पानी दीड इंचावर हाये. आन् आपला स्क्रू जाते दोन इंच."

पैनगंगेच्या खोऱ्यातील या भागात जी जुनी धाब्याची घरे अद्याप उभी आहेत, त्यांच्या जाड मातीच्या भिंतींत पाणी कधी शिरलेच नव्हते. ते रांजणात आणि न्हाणीतल्या हंड्यात राहत असे. पुढे नळ आले तेव्हाही लोखंडी नळी भिंतीच्या अंगावरून, पट्ट्यांनी जखडलेली, सर्वांच्या दृष्टीसमोर जात असे आणि तिची वाट लहान मुलासही ठाऊक असे. आता तीच नळी दिसणे अशोभनीय ठरले आहे. विटांत झिरी मारावयाची, तीत मलईच्या रंगाची सीपीव्हीसी नळी बसवावयाची, सिमेंटने झिरी बुजवून वर गिलावा आणि त्यावर फरशी चढवावयाची, म्हणजे भिंत निष्कलंक दिसू लागते. मला ही सौंदर्यदृष्टी मान्य नाही असे नव्हे. परंतु जे झाकले त्याची नोंद कोठेच न ठेवण्याची जी रीत तिच्याबरोबर रूढ झाली, ती मला सर्वस्वी अयोग्य वाटते.

नोंद नसल्यामुळे या कारागिराला दिसणाऱ्या खुणांवरून न दिसणाऱ्या वाटेचा तर्क करावा लागतो. नळ कोठे, गिझरची दोन तोंडे कोठे, टाकीकडून येणारा वॉल्व कोठे, हे तो प्रथम पाहतो. नळी बहुधा सरळ उभी किंवा सरळ आडवी नेलेली असते, म्हणून प्रत्येक तोंडाच्या वर, खाली आणि दोन्ही बाजूंस टीचभर रुंदीचा पट्टा तो निषिद्ध मानतो. विजेच्या बटणांच्या पाटीवरून थेट छताकडे जाणारी रेषाही त्याच निषेधात येते, आणि तिच्या आसपास काम करावयाचे तर मेन स्विच आधी बंद होतो. नंतर तो भिंतीच्या पलीकडच्या खोलीत जातो. शयनगृहात तसबीर टांगणाऱ्या गृहस्थाच्या ध्यानी हे सहसा येत नाही, की त्याच्या साडेचार इंची भिंतीमागे दुसऱ्या कोणाचे स्नानगृह आहे. गिझर असेल तर तो काही काळ गरम पाणी वाहू देतो आणि फरशीवरून तळहात फिरवितो. नळी ज्या ठिकाणी उथळ असेल तेथे उबेची एक रेषा हातास लागते. धातुशोधक यंत्रे बाजारात मिळतात. पण साधी यंत्रे लोखंड ओळखतात, प्लॅस्टिक ओळखत नाहीत. "सरळ जाते म्हनून आपन मानतो," त्याने बजावले, "पन लावनाऱ्याचा हात वाकडा असन, तं नळी बी वाकडी जाते."

म्हणूनच टाकीचा वॉल्व बंद करून आणि खालचा नळ उघडून नळी रिकामी केल्यावाचून तो भोक पाडीत नाही. यंत्राच्या सळईवर, टोकापासून हव्या त्या अंतरावर, त्याने चिकटपट्टी गुंडाळलेली असते, आणि फरशीचे कवच फुटेपर्यंत यंत्राची ठोक बंद ठेवून ते मंदगतीने चालते.

यापुढे जे घडते ते पाहण्यासाठीच मी पुनःपुन्हा त्याच्यामागे जात राहिलो. भोकाखाली तो एक घडी घातलेला कागद धरतो, अर्धा इंच जाताच थांबतो आणि कागदावरची भुकटी पाहतो. प्रथम ती राखाडी असते, म्हणजे गिलाव्याची. मग ती तांबडी व्हावयास हवी, आणि ती तांबडी होताच कोरड्या विटेचा जो उष्ण, मातकट गंध खोलीत पसरतो त्यासरशी त्याचे खांदे सैल झालेले मी पाहिले आहेत. परंतु इंचभर आत गेल्यावरही भुकटी राखाडीच येत राहिली, तर तो तत्काळ हात आवरतो. कारण बुजविलेल्या झिरीतही सिमेंटच असते. दोन विटांमधील सांध्यातूनही तशीच भुकटी येते हे त्याला ठाऊक आहे, पण सांध्यात स्क्रूला धरून ठेवणारी गिट्टी नीट बसत नाही, तेव्हा भोक दोन्ही प्रकारे सोडून द्यावयाचेच. जेथे भिंत सिमेंटच्या ठोकळ्यांची किंवा खांब काँक्रीटचा आहे तेथे ही परीक्षा निरुपयोगी ठरते, आणि तेथे तो अधिकच साशंक असतो.

लोखंडी नळीला टोक लागले म्हणजे ती किंचाळून इशारा देते. प्लॅस्टिकची नळी निमूटपणे भेदली जाते, आणि कित्येकदा भेदणारा स्क्रूच त्या छिद्राचे बूच होऊन बसतो. मग काही महिन्यांनी स्क्रू गंजतो, पलीकडच्या भिंतीस ओल येते, लोणा फुलतो, आणि त्या दांडीचे कोणास स्मरणही राहिलेले नसते. दुरुस्ती म्हणजे फरश्या फोडणे, नळीचा तुकडा कापून जोड बसविणे आणि त्याच नक्षीच्या फरशीसाठी दुकाने पालथी घालणे. वऱ्हाडात वैशाखात पाण्याची टाकी भिंतीत मुरणे हे नुकसान त्याहूनही जिव्हारी लागणारे आहे.

स्टुटगार्टच्या फाइन यांच्या कारखान्यात १८९५ मध्ये भोक पाडणारे, विजेवर चालणारे हातयंत्र तयार झाले आणि आर्टुर फिशर यांनी १९५८ मध्ये नायलॉनची गिट्टी शोधून काढली. तत्पूर्वी गवंडी छन्नीने भोक पाडून लाकडी गुल्ला ठोकीत असे, आणि ते काम इतके सावकाश चाले की आत काय आहे ते हातास आधीच कळे. यंत्राने वेळ वाचविला, पण त्या वाचलेल्या वेळातून पाहण्याचा वेळ कोणी राखून ठेवला नाही. या कारागिराला मजुरी भोकागणिक मिळते. भिंतीपुढे उभे राहण्याची मिळत नाही. दीड इंचाचा हिशेब तो स्वतःच्या पदरच्या वेळाने करतो, याचे मला दुःख होते.

दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदविलेल्या खरेदीखतात घराची चतुःसीमा लिहिलेली असते. भिंतीत काय आहे ते कोणत्याही दस्तऐवजात नसते. ज्यांचे बांधकाम सध्या चालू आहे त्यांनी झिऱ्या बुजण्यापूर्वी, जमिनीपासून आणि कोपऱ्यापासूनची अंतरे दिसतील अशा रीतीने टेप धरून, प्रत्येक भिंतीची छायाचित्रे घ्यावीत आणि त्यांच्या प्रती खरेदीखताबरोबर जपून ठेवाव्यात. ज्यांच्या भिंती बंद झाल्या आहेत त्यांनी कारागिरास घाई करू नये, आणि भिंत पाहण्यात गेलेल्या वेळाचीही मजुरी त्यास द्यावी.