हॉटेलातला गोंधळ एवढा हसवतो का? आणि भेस्तानला मराठी सिनेमाचा खेळ लागायला अडचण काय?

भेस्तान (सुरत) : आपल्याकडे 'हॉटेल' म्हटलं की राहायची खोली नाही, चहा-नाश्ता आणि शेवभाजी डोळ्यांसमोर येते. उधना-जळगाव रेल्वेमार्गाने नंदुरबार, धुळे, जळगावहून इकडे आलेल्या कितीतरी माणसांचं सुरतेतलं पहिलं काम अशाच ठिकाणी, फडका मारण्याचं. त्यामुळे 2023 मध्ये आलेला 'एकदा येऊन तर बघा' हा मराठी चित्रपट इथल्या माणसाला कळायला वेळ लागत नाही. एक कुटुंब हॉटेल काढतं आणि भानगडीत भानगड होत जाते. पुढचं सांगत नाही, सांगितलं की मजा गेली.

दिग्दर्शक 'हास्यजत्रे'तले प्रसाद खांडेकर. सोबत गिरीश कुलकर्णी, तेजस्विनी पंडित, सयाजी शिंदे, भाऊ कदम, विशाखा सुभेदार, ओंकार भोजने, नम्रता संभेराव अशी भलीमोठी फौज. याला फार्स म्हणतात. इथे नायक एकटा नसतो, सगळ्यांनी मिळून घोळ घालायचा असतो.

फार्सला हॉटेल का मानवतं ते बघा. हॉटेलला दोन बाजू असतात. पुढे गल्ला, टेबलं, 'या साहेब, बसा'. मागे भटारखाना, तिथे काय चाललंय ते गिऱ्हाइकाला कळता कामा नये. मागचं पुढे येऊ न देण्याची जी धडपड, तिथेच विनोद. शिवाय दारातून कोण येईल याचा नेम नाही. पोलीस येईल, गुंड येईल, उधारीवाला येईल, आणि मालकाला सगळ्यांशी गोडच बोलावं लागतं. सगळी जमापुंजी धंद्यात अडकलेली असली की माणूस एक खोटं लपवायला दहा खोटी बोलतो.

हा प्रकार जगभर चालतो. इंग्लंडची 'फॉल्टी टॉवर्स' ही मालिका 1975 आणि 1979 मध्ये मिळून फक्त 12 भागांची, पण अजून बघितली जाते. त्यातल्या एका भागात हॉटेलात पाहुणा मरतो आणि बाकीच्या पाहुण्यांना कळू न देता प्रेत हलवायची पळापळ होते. अमेरिकेत 2005 मध्ये 'वेटिंग' आला. एका रेस्टॉरंटमधला एक दिवस, वेटर लोकांची टवाळी, बरीच अश्लील. लिहिणारा-दिग्दर्शक रॉब मॅककिट्रिक स्वतः वेटरचं काम केलेला, म्हणून त्यातला कामगारांचा वैताग खरा वाटतो.

मराठीत अडचण वेगळी आहे. टीव्हीवरचं प्रहसन दहा-पंधरा मिनिटांत आटोपतं. तीच मंडळी दोन तासांच्या सिनेमात आली की प्रत्येकाला आपापला हशा हवा असतो, आणि गोष्ट ताणली जाते. आरडाओरडा वाढतो. माझं मत, दहा पात्रांऐवजी सहा असती तर असे चित्रपट जास्त हसवतील. पण पाळी संपवून आलेल्या माणसाला पोट धरून हसायचं असेल, तर त्याला नाकं मुरडणाऱ्यातला मी नाही.

आता खेळाचा प्रश्न. महाराष्ट्रात 2015 पासून मल्टिप्लेक्सला दुपारी 12 ते रात्री 9 या वेळेत मराठी चित्रपट दाखवण्याचं सरकारी बंधन आहे. नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. पण हा नियम हद्दीपाशी थांबतो. भेस्तान, पांडेसरा, लिंबायत, डिंडोलीत मराठी माणूस कितीही असो, इथे थिएटरवाला फक्त हिशेब बघतो.

तो हिशेब असा. समजा तिकीट 150 रुपये. त्यातले साधारण 23 रुपये जीएसटी (100 रुपयांवरच्या तिकिटाला 18 टक्के). उरले 127. पहिल्या आठवड्यात वितरकाला साधारण निम्मे गेले, तर थिएटरला राहिले 63-64. तीस माणसं आली तर जेमतेम 1,900 रुपये. त्यात एसी, वीज, पगार भागवायचे. तेच दोनशे आले तर साडेबारा हजारांच्या वर. म्हणून पडदा हिंदीला किंवा गुजरातीला जातो, यात भाषेचा द्वेष शोधायची गरज नाही.

मार्ग एकच दिसतो, आधी आकडा दाखवायचा. मिल आणि लूमवर बारा तासांची पाळी करणाऱ्याला दुपारचा खेळ उपयोगाचा नाही. त्याला सुटीच्या दिवशी रात्रीचा हवा. गणेश मंडळं, समाजमंडळं वर्गणी गोळा करतातच. त्यांनी शंभर-दीडशे तिकिटांचे पैसे आगाऊ घेऊन मॅनेजरकडे गेलं, तर तो खुर्ची पुढे करतो.