रंगाचा फवारा आणि घरातील हवा

प्रदर्शनाच्या आदल्या रात्रीची एक गोष्ट आम्हाला विसरता आलेली नाही. पावसाळ्याचे दिवस होते. हस्तकलेच्या खोलीत सांचीच्या स्तूपाची प्रतिकृती, एक धरण आणि दोन विमाने रंगवण्याचे काम चालले होते. झड आत येते म्हणून खिडक्या लावून घेतल्या होत्या, डोक्यावर पंखा फिरत होता आणि चार मुले आळीपाळीने रंगाचे डबे फवारीत होती. तासाभरात एकाचे डोके दुखू लागले, दुसऱ्याला मळमळू लागले. दोघांना व्हरांड्यात आणून बसवले. मोकळ्या हवेत हळूहळू त्यांना बरे वाटले. दोघांच्याही नाकातोंडाला रुमाल बांधलेले होते. सांगितलेले सारे त्यांनी केले होते. चूक आमची होती. आम्ही त्यांना रुमाल दिला, हवा दिली नाही.

आज आपले अनेक माजी विद्यार्थी आपापल्या घरी हा छंद जोपासतात. प्लास्टिकचे सुटे भाग जोडून विमाने, रणगाडे, आगगाड्या तयार करतात. शाळेच्या प्रकल्पासाठी मुलांना मदत करतात. घर मात्र बहुधा दोन खोल्यांचे असते आणि त्याच हवेत लहान मूल झोपलेले असते. म्हणून त्या रात्रीनंतर आम्ही जे शिकलो ते येथे मांडीत आहोत.

फवाऱ्यात काय असते?

डब्यातून निघणाऱ्या फवाऱ्यात तीन गोष्टी असतात : रंगाचे सूक्ष्म तुषार, रंग पातळ ठेवणारी द्रावके आणि फवारा बाहेर ढकलणारा वायू. द्रावकांत बहुधा ॲसिटोन, टोल्युइन, झायलीन यांसारखी रसायने असतात. ढकलणारा वायू अनेकदा आपल्या स्वयंपाकाच्या गॅसच्याच जातीचा, म्हणजे प्रोपेन-ब्युटेन असतो. या साऱ्या वाफा हवेपेक्षा जड असतात. टोल्युइनची वाफ तर हवेच्या तिपटीहून जड. त्यामुळे त्या जमिनीलगत साचतात, आणि रांगणारे मूल किंवा खाली अंथरुणावर निजलेली आजी नेमकी तेथेच असते. टोल्युइनचा परिणाम मेंदू व मज्जासंस्थेवर होतो; गरोदर स्त्रियांनी त्यापासून दूरच राहावे.

नाकावर फार विसंबू नये. थोड्याच वेळात नाक त्या वासाला सरावते आणि वाफ तशीच असूनही वास येईनासा होतो.

पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग एअरब्रशने मारले तर धोका पुष्कळ कमी होतो, पण संपत नाही. तुषार फुप्फुसात जातातच, आणि काही ॲक्रिलिक रंगांत आयसोप्रोपिल अल्कोहोलही असते. मोटारीसाठी मिळणारे, कठीण करणारे द्रव्य मिसळून वापरायचे दोन भागांचे रंग घरात मुळीच वापरू नयेत. त्यांतील आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो.

मास्क कशासाठी?

साध्या रुमालाने सूक्ष्म तुषार अडत नाहीत. एन-९५ मास्क सूक्ष्म कणांपैकी किमान ९५ टक्के अडवतो, पण द्रावकाची वाफ त्यातून सरळ आत येते. वाफेसाठी सक्रिय कोळशाची डबी असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो. ही डबीही कालांतराने निकामी होते; काम झाल्यावर ती हवाबंद पिशवीत ठेवावी आणि मास्क लावूनही वास येऊ लागला तर लगेच बदलावी. मुख्य म्हणजे मास्क फक्त लावणाऱ्याचे रक्षण करतो. घरातल्या बाकीच्यांना तर तीच हवा घ्यावी लागते. म्हणून आधी हवेचा मार्ग, मग मास्क, हाच क्रम योग्य.

हवेचा मार्ग कसा करावा?

छताचा पंखा हवा फिरवतो, बदलत नाही. हवा बदलायची तर तिला आत येण्यास एक वाट आणि बाहेर जाण्यास दुसरी वाट हवी, आणि फवारणारा माणूस येणाऱ्या हवेच्या बाजूस हवा. दूषित हवा खोलीभर पसरण्यापूर्वीच ओढून न्यावी, हे सर्वांत उत्तम.

यासाठी पुढून उघडी पेटी, तिच्या मागच्या बाजूस तुषार अडवणारी जाळी, त्यामागे पंखा आणि खिडकीबाहेर जाणारी नळी, एवढी योजना पुरते. पेटीच्या तोंडाशी हवा सेकंदाला सुमारे अर्धा मीटर वेगाने आत जावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. तोंड ४० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर उंच असेल तर तासाला २१६ घनमीटर, म्हणजे मिनिटाला सुमारे १२७ घनफूट हवा ओढावी लागते. पंख्याच्या खोक्यावर हा आकडा 'सीएफएम' या नावाने छापलेला असतो. मात्र तो मोकळ्या हवेतला असतो. जाळी, नळी आणि नळीचे प्रत्येक वळण तो कमी करते. म्हणून पंखा गरजेपेक्षा मोठा घ्यावा, नळी आखूड व सरळ ठेवावी.

पंखा चालू असताना समोरचे दार किंवा खिडकी थोडी उघडी हवीच. सगळे बंद केले तर पंख्याला ओढायला हवाच उरत नाही. न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर तो त्या वेळी चालवू नये. पंख्याच्या ओढीने त्याचा विषारी धूर घरात उलटू शकतो.

मार्ग बरोबर आहे का, हे पाहण्यास अगरबत्ती पुरे. रंगाचा डबा उघडण्यापूर्वी ती पेटीच्या तोंडाशी धरावी. धूर आत ओढला गेला तर योजना बरोबर; आपल्याकडे वळला तर चूक. मग अगरबत्ती पूर्ण विझवून दूर ठेवावी आणि त्यानंतरच रंग काढावा.

डबा घरात नको

येथे एक भेद पक्का लक्षात ठेवावा. वरील पेटी एअरब्रश आणि पाण्याच्या रंगांसाठी आहे. फवाऱ्याचा डबा एका दमात पुष्कळ ज्वलनशील वाफ सोडतो. हवेत टोल्युइनची वाफ सव्वा टक्क्याच्या आसपास झाली तरी ठिणगीने पेट घेऊ शकते. घरगुती पंख्याची मोटर, विजेचे बटण, फ्रिज, गिझरची ज्योत, वंदनेसाठी लावलेली मेणबत्ती, यांपैकी कोणतीही गोष्ट ठिणगी ठरू शकते. म्हणून डबा गच्चीवर किंवा अंगणातच वापरावा. वारा आपल्या एका बाजूने यावा. पाठीमागून आला तर अंगापुढे भोवरा होऊन वाफ तोंडाशीच घुटमळते. चाळीच्या सामाईक गॅलरीत फवारू नये आणि पेटीची नळीही शेजाऱ्याच्या खिडकीकडे सोडू नये. आपल्या घरातली वाफ दुसऱ्याच्या घरात धाडणे याला उपाय म्हणता येत नाही. डबा उन्हात ठेवू नये. ५० अंशांपलीकडे तो फुटण्याची भीती असते.

पावसाळ्यात काय करावे? शक्यतो फवारूच नये. दमट हवेत द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर बाष्प धरते आणि रंग पांढरट पडतो. थर्माकोलची प्रतिकृती असेल तर डब्यातला रंग तिला विरघळवूनच टाकतो. अशा वेळी कुंचला आणि पाण्याचा रंग हेच खरे साधन.

काम संपल्यावर

रंग वाळतानाही वाफ सोडतो. प्रतिकृती निजायच्या खोलीत वाळत ठेवू नये. पंखा लगेच बंद करू नये. दहा फूट लांब-रुंद व नऊ फूट उंच खोलीतली हवा वरील पंख्याने सात मिनिटांत एकदा बदलते; पण नवी हवा जुनीत मिसळत असल्याने एका फेरीनंतरही सुमारे ३७ टक्के दूषित हवा शिल्लक राहते. तीन फेऱ्यांनंतर ती ५ टक्क्यांवर येते. म्हणजे निदान वीस-पंचवीस मिनिटे पंखा चालू हवा. एअरब्रश धुताना थिनर फवारावे लागते, तेव्हाही हाच नियम. थिनरची चिंधी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर ठेवावी.

आमच्या हस्तकलेच्या खोलीत आता रंगाचे डबे ठेवलेले नाहीत. फवारणी मागच्या अंगणात होते, आणि पाऊस असला की मुले कुंचला हाती घेतात. काम थोडे सावकाश होते. पण डोके धरून व्हरांड्यात बसण्याची पाळी कोणावर येत नाही. पालकहो, आपल्या मुलांच्या हातून सुंदर वस्तू घडाव्यात असे आपल्याप्रमाणेच आम्हालाही वाटते. त्या घडत असताना घरातील सर्वांत लहान जीव कोणती हवा घेत आहे, एवढे आधी पाहावे, हीच विनंती.