वातप्रकृती : जन्मजात स्वभाव व दैनंदिन संतुलन (पुणे शहराच्या विशेष संदर्भात)

सारांश

आयुर्वेदातील त्रिदोष सिद्धान्तानुसार प्रत्येक व्यक्तीची प्रकृती जन्मतः ठरते. त्यांपैकी वातप्रकृती ही सर्वाधिक चर्चिली जाणारी, तथापि सर्वाधिक गैरसमजांनी वेढलेली प्रकृती आहे. प्रस्तुत लेखात वातप्रकृतीचे शास्त्रोक्त स्वरूप, पुण्याच्या ऋतुमानाशी व आहारपरंपरेशी असलेला तिचा संबंध, पुण्यात झालेले प्रकृतिविषयक संशोधन आणि या संकल्पनेच्या व्यावहारिक मर्यादा यांचा परामर्श घेतला आहे.

बीजसंज्ञा : वात, प्रकृती, विकृती, ऋतुचर्या, स्नेहन, आयुसॉफ्ट.

प्रस्तावना

मराठी भाषेत 'वात' हा शब्द वैद्यकग्रंथांपुरता मर्यादित राहिलेला नाही. सांधे धरले, पोट फुगले, पायात गोळा आला की 'वात आहे' असे सहजपणे म्हटले जाते. तापात असंबद्ध बडबड करणाऱ्या रुग्णाला 'वात झाला' म्हणतात, तर सतत भंडावून सोडणारा माणूस 'वात आणतो'. पावटा, वाटाणा, हरभरा यांना 'वातूळ' ठरवणारे ज्ञान शाळेत नव्हे, तर स्वयंपाकघरात मिळत आले आहे. एकाच शब्दाने एवढे अर्थ वाहिल्यामुळे स्वभाव, तक्रार आणि रोग यांच्यातील सीमारेषा मात्र पुसट होत गेली. ती सीमारेषा स्पष्ट करणे ही आजची गरज आहे.

पुणे शहर या विषयाच्या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त ठरते. रास्ता पेठेतील टिळक आयुर्वेद महाविद्यालयाची स्थापना १९३३ साली झाली. ताराचंद रामनाथ रुग्णालय आणि सदाशिव पेठेतील अष्टांग आयुर्वेद महाविद्यालय यांच्यामुळे आयुर्वेदाचे अध्यापन व चिकित्सा या शहरात दीर्घकाळ नांदत आली आहे. तसेच प्रकृती या संकल्पनेची आधुनिक विज्ञानाच्या साधनांनी तपासणी करण्याचे महत्त्वाचे प्रयत्नही येथेच झाले.

उद्दिष्टे

१) वातप्रकृती व वातविकृती यांतील भेद स्पष्ट करणे.
२) वातप्रकृतीस अनुकूल आहार-विहाराचा स्थानिक संदर्भात विचार करणे.
३) पुण्यात झालेल्या प्रकृतिविषयक संशोधनाचा आढावा घेणे.
४) या संकल्पनेच्या मर्यादा निदर्शनास आणणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून चरकसंहिता, सुश्रुतसंहिता व अष्टांगहृदय हे ग्रंथ आणि प्रसिद्ध झालेले संशोधन यांचा आधार घेतला आहे.

प्रकृती आणि विकृती

गर्भधारणेच्या वेळी जो दोष प्रबळ असतो, त्यानुसार व्यक्तीची प्रकृती घडते आणि ती आयुष्यभर कायम राहते, असे आयुर्वेद मानतो. दोषांची प्रसंगोपात्त होणारी वाढ वा क्षय म्हणजे विकृती होय. म्हणूनच 'वातप्रकृती संतुलित करणे' या शब्दप्रयोगाचा अर्थ प्रकृती बदलणे असा होत नाही. स्वभावतः अधिक असलेल्या वातात आहार, ऋतू व वर्तनामुळे जी भर पडते, ती आवरणे एवढाच त्याचा अर्थ आहे.

येथे दोन संहितांमधील दृष्टिभेद लक्षात घेण्याजोगा आहे. चरकांच्या मते वात, पित्त व कफ सम असणारी व्यक्तीच खऱ्या अर्थाने निरोगी असते. एका दोषाचे आधिक्य असणाऱ्या व्यक्ती नेहमीच रोगप्रवण राहतात. सुश्रुतांनी मात्र विषात जन्मलेल्या किड्याचा दृष्टान्त दिला आहे. त्या किड्याला जसे स्वतःचे विष बाधत नाही, तशी मनुष्याला त्याची प्रकृती बाधत नाही. ही दोन्ही मते एकत्र वाचल्यास वातप्रकृतीच्या व्यक्तीसाठी योग्य भूमिका हाती येते. वातप्रकृती हा रोग नाही, परंतु दुर्लक्ष केल्यास रोग कोणत्या वाटेने येईल याची ती पूर्वसूचना आहे.

वातप्रकृतीची लक्षणे

चरकसंहितेच्या विमानस्थानात वाताच्या एकेका गुणावरून शरीर व मन यांची लक्षणे सांगितली आहेत. रूक्ष गुणामुळे शरीर सडपातळ व कोरडे, आवाज घोगरा आणि झोप कमी असते. लघु व चल गुणांमुळे हालचाली चपळ असतात. हात, पाय, डोळे, भुवया स्थिर राहत नाहीत. शीघ्र गुणामुळे अशी व्यक्ती कामाला चटकन सुरुवात करते, चटकन घाबरते, ऐकलेले चटकन ग्रहण करते, परंतु ते फार काळ स्मरणात राहत नाही. शीत गुणामुळे थंडी सहन होत नाही. परुष गुणामुळे केस व नखे राठ असतात, तर विशद गुणामुळे त्वचेला भेगा पडतात आणि चालताना सांधे वाजतात.

अष्टांगहृदयात वातप्रकृती हीन, पित्तप्रकृती मध्यम व कफप्रकृती उत्तम अशी श्रेणी लावलेली आढळते. ही श्रेणी शारीरिक बळाच्या संदर्भात समजून घ्यावी. ती व्यक्तीच्या योग्यतेचे मोजमाप मानू नये. शिवाय प्रत्यक्षात बहुतेक व्यक्तींमध्ये दोन दोषांचे प्राबल्य दिसत असल्याने शुद्ध वातप्रकृती क्वचितच आढळते.

पुण्याचे ऋतुमान व वात

ग्रीष्मात वाताचा संचय, वर्षा ऋतूत प्रकोप आणि शरदात शमन होते, असा ऋतुचर्येचा क्रम आहे. पुणे शहर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर वसलेले आहे. येथील मार्च-एप्रिलची दुपार अत्यंत कोरडी असते. जूनमध्ये पाऊस सुरू होताच हवा एकाएकी गार व दमट होते. शास्त्रानुसार उन्हाळ्याच्या रूक्षतेने साठलेला वात या बदलाने उसळतो, त्याच सुमारास जठराग्नीही मंदावतो. पावसाळ्याच्या आरंभी पोट बिघडण्याच्या व सांधे आखडण्याच्या तक्रारींची उपपत्ती आयुर्वेद अशा प्रकारे लावतो.

दिवसाचा शेवटचा प्रहर, रात्रीचा उत्तरार्ध, अन्नपचनाची अखेर आणि वार्धक्य हे वाताचे काळ मानले आहेत. त्यामुळे वातप्रकृतीच्या वृद्ध व्यक्तीने पावसाळ्यात विशेष जपणे आवश्यक ठरते.

आहार व विहार

समान गुणाने वाढ व विरुद्ध गुणाने घट हे आयुर्वेदाचे मूलसूत्र आहे. वात रूक्ष, शीत, लघु व चल असल्याने स्निग्ध, उष्ण, काहीसे गुरू व स्थैर्य देणारे ते त्याला आवरते. मधुर, आम्ल व लवण हे रस वात कमी करतात, तर कटू, तिक्त व कषाय वाढवतात. वातासाठी तेल, पित्तासाठी तूप आणि कफासाठी मध ही श्रेष्ठ शमनद्रव्ये सांगितली आहेत. तेलांत तिळाच्या तेलाला अग्रस्थान आहे.

महाराष्ट्रातील आहारपरंपरेत या सूत्राची अनेक उदाहरणे आढळतात. बाजरी रूक्ष आहे, म्हणून भोगीच्या दिवशी भाकरीवर तीळ थापले जातात व सोबत लोणी दिले जाते. संक्रांतीचा तिळगूळ आणि दिवाळीच्या पहाटेचे तेल-उटण्याचे अभ्यंगस्नान हे दोन्ही विधी थंडीच्या दिवसांत येतात. आजाऱ्याला दिला जाणारा मऊ भात, मेतकूट व तूप, तसेच वरणाला दिलेली हिंगाची फोडणी यांतही हाच विचार दिसतो. कडधान्यांनी पोट फुगण्यास आधुनिक आहारशास्त्रही दुजोरा देते. त्यांतील काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत व मोठ्या आतड्यातील जिवाणू त्यांपासून वायू निर्माण करतात. कडधान्ये भिजवून पाणी टाकून दिल्यास हा त्रास बराच कमी होतो. पावटा-वाटाण्यापेक्षा मुगाला प्राधान्य देणे वातप्रकृतीस हितकर आहे.

शहरी जीवनाची रचना मात्र याच्या उलट आहे. सकाळी उपाशीपोटी अनेकदा चहा, दुपारच्या जेवणाची अनिश्चित वेळ, फरसाण व पाव यांसारखे कोरडे खाणे, दुचाकीवरून वाऱ्यात होणारा दीर्घ प्रवास आणि रात्रपाळीचे जागरण ही सर्व वातवर्धक कारणे आहेत. मलमूत्रादी वेग रोखणे हेही त्यांतील प्रमुख कारण असून ते विशेषतः नोकरदार स्त्रियांच्या वाट्याला येते. कामाच्या व प्रवासाच्या ठिकाणी स्वच्छ स्वच्छतागृह नसेल तर पथ्याचा उपदेश अपुरा पडतो. अशा वेळी आरोग्याचा हा प्रश्न व्यक्तीपुरता न राहता सार्वजनिक सोयींचा होतो.

विहाराच्या बाबतीत जेवणाच्या व झोपेच्या ठरावीक वेळा, कोमट तेलाने अभ्यंग, गरम पाण्याने स्नान, सौम्य व्यायाम आणि पुरेशी विश्रांती यांची शिफारस केली जाते. यांतील नियमितपणा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण चंचलतेवर तोच खरा उतारा होय. बस्ती ही वातावरील प्रमुख चिकित्सा असली तरी ती वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यावी.

पुण्यातील संशोधन

पुणे विद्यापीठातील डॉ. भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ७६ व्यक्तींची प्रकृती आणि रोगप्रतिकारशक्तीशी निगडित एचएलए जनुकांचे प्रकार यांची तुलना केली. त्या गटातील वातप्रकृतीच्या व्यक्तींमध्ये 'डीआरबी१*०२' हा जनुकप्रकार आढळला नाही. पुण्याच्या सी-डॅक संस्थेत प्रकृतिपरीक्षणासाठी 'आयुसॉफ्ट' ही संगणकप्रणाली विकसित झाली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या बहुसंस्थात्मक अभ्यासात ३,४१६ व्यक्तींच्या चाचणीतून निवडलेल्या २६२ पुरुषांचे जनुकीय विश्लेषण करण्यात आले. त्यात ५२ जनुकीय स्थाने प्रकृतिभेदाशी निगडित आढळली व 'पीजीएम१' या जनुकाचा संबंध पित्तप्रकृतीशी दिसून आला.

या निष्कर्षांचे मोल जाणताना त्यांची मर्यादाही जाणली पाहिजे. पहिल्या अभ्यासातील संख्या लहान होती. दुसऱ्यात स्त्रियांचा समावेश नव्हता आणि एकाच दोषाचे स्पष्ट प्राबल्य असणारे निवडले होते. वर्गीकरणास काही जैविक आधार असू शकतो, एवढे यातून सूचित होते. वातशामक आहाराने अमुक रोग बरा होतो, असे त्यातून सिद्ध होत नाही.

दक्षता

'वात' हे नाव देऊन प्रश्न मिटला असे मानणे घातक ठरू शकते. वजन घटणे, हात कापणे, छातीत धडधडणे व झोप न येणे ही लक्षणे वातवृद्धीची वाटतात, तथापि ती थायरॉइड ग्रंथीच्या अतिकार्याचीही असू शकतात. छातीतील दुखणे 'गॅस' समजून घरी थांबणाऱ्या हृदयरुग्णाचा मोलाचा वेळ वाया जातो. उतारवयात शौचाची सवय अचानक बदलल्यास तपासणी टाळू नये.

आयुर्वेदातही वाताचे सर्व विकार एकसारखे मानलेले नाहीत. आमवातात सांधे सुजून दुखतात, परंतु तेथे आमाचे पचन होईपर्यंत तेल चोळणे निषिद्ध मानून लंघन व वाळूच्या पोटलीचा कोरडा शेक सांगितला आहे. सरसकट तेलाचा उपाय शास्त्रालाही मान्य नाही. तसेच २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे एकपंचमांश उत्पादनांत शिसे, पारा वा अर्सेनिक आढळले होते. म्हणून रसौषधी स्वतःहून घेणे टाळावे.

निष्कर्ष

१) वातप्रकृती हा जन्मजात स्वभाव असून रोग नव्हे. आवरायचा असतो तो वाढलेला वात.
२) स्निग्ध, उष्ण व ताजा आहार आणि नियमित दिनचर्या हे संतुलनाचे मुख्य आधार असून त्यांपैकी बहुतेक मराठी घरांना परिचित व अल्पखर्ची आहेत.
३) पुण्यातील संशोधनाने प्रकृती ही संकल्पना तपासणीच्या कक्षेत आणली असली, तरी मोठ्या व स्त्री-पुरुष समावेशक अभ्यासांची गरज आहे.
४) प्रकृतीचे ज्ञान निदानाला पूरक ठरावे, पर्याय नव्हे.

स्वतःचा स्वभाव ओळखून त्याच्याशी जुळवून घेणे, ही आयुर्वेदाची शिकवण आजही उपयुक्त आहे. मात्र नवे वा वेगळे लक्षण दिसताच ते स्वभावाच्या खाती न टाकता वेळीच तपासून घेणे, हाही त्याच विवेकाचा भाग होय.