वारा पत्रा खालून उचलतो
घर आणि पाऊस : लेखांक ६

मागच्या आठवड्यात कौलांची शाकारणी पाहिली. आज पत्रे.

३ जून २०२० च्या दुपारी ‘निसर्ग’ वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत शिरले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर होता. म्हसळा त्याच्या वाटेवरच. तालुक्यात घरोघर पत्रे उडाले आणि पाठोपाठ पावसाळा आला. छपरावरून वेगाने जाणारा वारा वर ओढ निर्माण करतो. त्यात दार-खिडकी उघडी पडली की घरात घुसलेला वारा खालून रेटतो. ही ओढ वळचणीला, कोपऱ्यांना आणि आढ्याजवळ सगळ्यांत जास्त असते. म्हणून मधे एकाआड एक उंचवट्याला स्क्रू चालत असला, तरी या कडांना प्रत्येक उंचवट्याला हवा. मजुरी वाचवायची तर ती दुसरीकडे वाचवा, इथे नको.

आता एक स्क्रू जवळून पाहा. डोक्याखाली काळ्या रबराचा वॉशर असतो. तो उन्हाने तडकला की भेगेतून पाणी आत जाते आणि डोक्याभोवती तांबूस कडे दिसू लागते. खाडीच्या खाऱ्या हवेत ते लवकर पसरते. असा स्क्रू आणखी आवळू नका, रबर चिरडून बाहेर येईल. तो काढा आणि एक माप जाड, नवा वॉशर असलेला घाला. स्क्रू उंचवट्यावरच मारायचा, पाणी खोलगट भागातून वाहते. ग्राइंडरने पत्रा कापला तर कडेचा जस्ताचा थर जळतो आणि उडालेला कीस दोन दिवसांत गंजतो. कात्री वापरा, पडलेला कीस झाडून काढा.

आपल्याकडे पावसाचा वारा नैर्ऋत्येकडून येतो. पत्रे अंथरायला सुरुवात त्याच्या उलट टोकाकडून करावी, म्हणजे जोडाची उघडी कड वाऱ्याला तोंड देत नाही.

पण हे सगळे वर चढल्यावर. आधी चढायचे कसे ते, कारण यात माणसे जातात आणि ते टाळता येते. दव वाळल्याशिवाय, शेवाळ घासल्याशिवाय, वाऱ्यात किंवा एकट्याने चढू नये. वरून जाणारी विजेची तार आधी पाहावी. शिडी चार फूट उंचीला एक फूट बाहेर ठेवावी, वरचे टोक वळचणीच्या तीन फूट वर यावे आणि बांधलेले असावे. पट्टा कमरेचा नको, पूर्ण अंगाचा हवा, आणि दोर भक्कम आधाराला बांधलेला. पाय स्क्रूंच्या रांगेवरच ठेवायचा, खाली आडवा पाइप किंवा वासा तिथेच असतो. सिमेंटचा पत्रा आणि उजेडासाठी बसवलेला फायबरचा पत्रा यांवर पाय मुळीच देऊ नये. वरून धड दिसतात, पण भार आला की एकदम फुटतात. तिथे दोन आधारांवर टेकणारी लांब फळी टाका. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतो. तो कोरडा कापू किंवा घासू नका, धूळ फुप्फुसात जाते.

गळती शोधायची तर घरात जिथे थेंब पडतो त्याच्या नेमके वर छिद्र असेलच असे नाही. पाणी पाइपावरून दोन-चार फूट चालून मग खाली सुटते. एकाने आत बसावे, दुसऱ्याने वळचणीपासून वर वर सरकत थोडे थोडे पाणी ओतावे. आतून हाक आली की तिथेच थांबून खडूने खूण करावी.

पुढच्या आठवड्यात पन्हळ.